टिमगाड: आखीव चौकोनाबाहेरचे नगर

रोमन सम्राट त्राजानने इ. स. 100 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेल्या टिमगाड या नगरावरील लेखात तिथल्या काटकोनी रस्त्यांचे वर्णन फार नेटके उतरले आहे. मात्र लेख नगराच्या मूळ आखीव चौकोनापाशीच थांबतो, याची रुखरुख वाटते. अल्जीरियातील ऑरेस पर्वतरांगेच्या पायथ्याचे हे नगर पुढे मूळ हद्दीबाहेर पसरले, तिथले रस्ते जुनी आखणी न जुमानता हवे तसे वळले आणि मोठी स्नानगृहे व कॅपिटोल, म्हणजे प्रमुख रोमन देवतांचे मंदिर, तर त्या चौकोनाबाहेरच उभे राहिले.

ग्रंथालयाबद्दलही लिहायला हवे होते. रोगातियानस नावाच्या नागरिकाने मृत्युपत्राद्वारे दिलेल्या देणगीतून, 4 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) खर्चून ते बांधले गेले, असे तिथला शिलालेख सांगतो. अर्धवर्तुळाकार दालनाच्या भिंतीत ग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कोनाडे आजही ओळखता येतात. सीमेजवळच्या, सैनिकांच्या गावात कुणीतरी पुस्तकांसाठी एवढे धन मागे ठेवावे, हे मला त्राजानच्या नावाच्या कमानीपेक्षाही मोठे वाटते. पडझडीचे सारे खापर काळावर फोडणेही योग्य नाही, कारण सहाव्या शतकात बायझंटाइन (पूर्व रोमन) सैन्याने शेजारी किल्ला बांधताना याच नगराचे दगड काढून नेले होते.