यंत्र शून्य दाखवतं म्हणजे सुटका नव्हे

नशेत गाडी चालवल्याच्या संशयावरून पोलिसांनी अडवलं, की ‘फुंकर मारली, शून्य आलं, विषय संपला’ असं समजलं जातं, ते फक्त दारूपुरतं खरं. गांजा किंवा झोपेच्या गोळ्या ब्रेथ अ‍ॅनालायझरला (फुंकरीतून दारू मोजणाऱ्या यंत्राला) कळतच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी मर्यादा आहे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली पदार्थासाठी असा आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, हे दाखवावं लागतं.

म्हणून डॉक्टरांची तपासणी महत्त्वाची. डोळ्यांच्या बाहुल्या, बोलणं, चाल, तोल यांच्या नोंदी आणि तपासणीची वेळ कागदावर हवी. नुसत्या लघवीच्या अहवालावर विसंबू नये. गांजाचे अंश त्यात काही दिवस सापडतात, त्यावरून गाडी चालवताना नशा होती हे ठरत नाही. आरोपीचा बचाव इथेच उभा राहतो.

कलम 202 नुसार अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडावं लागतं. त्यामुळे अटकेची वेळ लिहून घ्यायला लावा. (गुन्हा मात्र तेवढ्याने रद्द होत नाही, हा गैरसमज फार.) महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर दुसरी स्त्री हजर हवीच. तपासणी अहवालाची प्रत मागा, तो हक्क आहे.

फुंकर मारायला किंवा रक्त द्यायला नकार देऊन हुशारी होत नाही; कलम 205 खाली विनाकारण नकार सरकारी पक्षाच्याच बाजूने धरला जाऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू असतील, तर तपासणीच्या वेळीच सांगून नोंदवून घ्या आणि चिठ्ठी दाखवा.