पांढरं पिल्लू म्हणजे बॉयलर? खुलासा

नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की पांढरी पिसं आली की ते कोंबडीचं पिल्लू बॉयलर (म्हणजे मांसाचं) आणि रंगीत असलं की अंड्याचं. हे चुकीचं आहे, कृपया पुढे पाठवू नका. व्हाईट लेगहॉर्न ही अंड्यांची जात पण पांढरीच असते आणि पहिल्या दिवशी दोन्ही पिल्लं पिवळीच दिसतात, त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही. आणि कावेरी, वनराज या रंगीत जाती तर अंडी आणि मांस दोन्हीसाठी पाळतात.

खरा फरक अंगात दिसतो. दोन-तीन आठवडे थांबा. बॉयलरचे पाय जाड आणि एकमेकांपासून लांब, छाती रुंद, पोटाखाली पिसं कमी, आणि ते बहुतेक वेळ खाद्याच्या भांड्याजवळच बसून असतं, तर लेअरचं (म्हणजे अंड्याच्या जातीचं) पिल्लू सडपातळ, पंखाची पिसं लवकर येतात, उड्या मारतं, हात लावायला गेलं की पळतं. वजन केलं तर प्रश्नच मिटतो, सहा आठवड्यांत बॉयलर 2 किलोच्या वर जातो आणि लेअर तेव्हा अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते, अंडी तर 18-20 आठवड्यांनीच.

बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ना, ती बहुतेक लेअर जातीचे नर असतात, ते अंडी देणार नाहीत आणि मांसही फार धरणार नाहीत. मुलांच्या हट्टापायी घेऊ नका, बिचारी लवकर मरतात.

आणि ओळख पटली म्हणून पिल्लांना लगेच लेअर खाद्य देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने लहान पिल्लांच्या किडन्या खराब होतात.