मला बसू द्या

‘खचू नकोस गं’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी खचलेली नाही. मी बसले आहे. लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर वापरायला लागले, जिने चढणं बंद केलं आणि दिवसभराच्या कामानंतर कुणी बोलावलं तर सरळ ‘नाही जमणार’ म्हणायला लागले, एवढंच झालंय. तर आजूबाजूच्या निम्म्या लोकांचे चेहरे सुतकी. ‘इतकी वर्षं चालत होतीस की, आता काय झालं?’ ‘एकदा खुर्चीची सवय लागली की माणूस उठत नाही हं.’ ‘मनाने घेतलं पाहिजे.’ मनाने! तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलणाऱ्यांपैकी एकानेही कधी विचारलेलं नाही की नेमकं होतं काय तुला. म्हणून आज न विचारता सांगते.

मला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय जवळजवळ पूर्ण गेला आणि डावा वाचला, असं सगळ्यांनी धरून चाललं. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार द्यायला बांधायच्या धातूच्या पट्ट्या, घातलेला नसला की मी उजव्या मांडीवर तळहात दाबून चालते. गुडघा सरळ धरून ठेवायला त्या मांडीत ताकद नाही, म्हणून ते काम हाताने करायचं. कमरेत वाकायचं, हाताने गुडघा मागे रेटायचा, त्यावर वजन टाकायचं, तेवढ्यात डावा पाय पुढे घ्यायचा, की पुन्हा हात मांडीवर. एक पाऊल झालं. कॅलिपर घातला तर गुडघ्याचं लॉक लागतं, हात मोकळा होतो, पण मग तो पाय कमरेतून उचलून बाहेरून फिरवून पुढे आणावा लागतो आणि पट्ट्याखालची कातडी सोलवटते ती वेगळीच. तुमचं पाऊल पाय टाकतो. माझं पाऊल पाठ, खांदा, मनगट आणि दुसरा पाय असे सगळे मिळून टाकतात, आणि हे मी शाळेत जायच्या वयापासून करत आले आहे. ‘आळशी होशील’ असं मला सांगताना हे जरा डोळ्यांसमोर आणत जा.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या ज्या पेशी मारतो, त्या स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या असतात. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडतात आणि पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंना आपल्याशी जोडून घेतात. त्यामुळे एकेक पेशी तिच्या वाट्याच्या कितीतरी पट काम ओढत राहते, वर्षानुवर्षं. निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असल्या तरी स्नायू तपासणीत ठीकठाक वाटू शकतो. माझा ‘वाचलेला’ डावा पाय असाच वाचलेला होता. मग मूळ आजारानंतर साधारण १५ ते ४० वर्षांनी हे फाटे टिकेनासे होतात, गळायला लागतात. नव्याने अशक्तपणा येतो, झोपूनही न जाणारा थकवा येतो, सांधे दुखतात, थंडी सोसवत नाही, काही जणांना गिळायला आणि श्वास घ्यायलाही त्रास होतो. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परत आलेला नसतो. मन कमकुवत झालेलं नसतं. ज्या पेशींनी दुप्पट-चौपट राबून आजवर उभं ठेवलं त्या संपत चाललेल्या असतात. असं का होतं याचं सर्वांत मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे, आणि पोलिओ होऊन गेलेल्यांपैकी २५ ते ४० टक्के लोकांना हा त्रास होतो असा अंदाज आहे. हे थांबवणारं औषध नाही.

आणि हे काही काल सापडलेलं नाही. लहानपणी पोलिओ होऊन गेलेल्या माणसाला पुढे नव्याने अशक्तपणा आल्याची नोंद फ्रान्समध्ये शार्को आणि रेमों या डॉक्टरांनी १८७५ मध्ये केली आहे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या मोठ्या साथींतून वाचलेली मुलं प्रौढ झाली, ‘पाय पुन्हा जातायत’ म्हणत दवाखान्यांत रांगा लावू लागली, तेव्हा कुठे १९८० च्या दशकात वैद्यकाने हे गांभीर्याने घेतलं. तोवर त्या माणसांना काय ऐकवलं गेलं असेल हे मला कुणी सांगायला नको. वय झालं. मनाचे खेळ आहेत. प्रयत्न कमी पडतायत.

आता उपाय काय सांगतात तेही ऐका. थकवा येण्याच्या आत थांबा. कामाचे तुकडे करा, मध्ये विश्रांती घ्या. व्यायाम करा, पण दमवणारा नको. कुबड्या, कॅलिपर, व्हीलचेअर, जे लागेल ते वापरा. म्हणजे तुम्ही ज्याला हार म्हणता, तोच माझा उपचार आहे. ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत मला जिन्यावर चढवणारा माणूस मला प्रोत्साहन देत नसतो. माझ्या उरलेल्या ताकदीतून तो खर्च करत असतो, आणि स्वतःच्या समाधानासाठी करत असतो.

टाळ्यांचा तर मला मनापासून संताप येतो. शाळेत मी कठड्याला धरून वरच्या मजल्यावर पोहोचले की बाई बाकीच्या मुलांना म्हणायच्या, ‘बघा, हिच्याकडून शिका जिद्द.’ टाळ्या. पुढच्या तासाला खाली, पुन्हा वर, पुन्हा टाळ्या. आमचा वर्ग तळमजल्यावर आणावा, हे त्या अख्ख्या इमारतीत एकाही मोठ्या माणसाला सुचलं नाही. वर्ग हलवायला बाकं उचलावी लागली असती. टाळ्या वाजवायला काहीच लागत नाही. त्या लहान मुलीच्या अंगावर तुम्ही जी जिद्द लादलीत, ती तिने तिच्या पेशी खर्चून पुरी केली. तिला पर्यायच ठेवला नव्हता कुणी.

जिद्दीची उदाहरणं द्यायची हौस असणाऱ्यांच्या यादीत फ्रँकलिन रूझवेल्ट हमखास असतो. मलाही दिलंय ते उदाहरण, कितीतरी वेळा. ‘बघ, पोलिओ होऊन अमेरिकेचा अध्यक्ष झाला!’ झाला, चार वेळा निवडून आला. पण पुढचं कुणी सांगत नाही. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी तो आजारी पडला, पोलिओचं निदान झालं आणि पाय गेले. त्यानंतर आयुष्यभर लोकांसमोर उभं दिसण्यासाठी तो पायांना पोलादी पट्ट्या बांधून, कुणाच्या तरी दंडाला धरून उभा राहायचा. व्हीलचेअरमधले त्याचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १ मार्च १९४५ रोजी, याल्टाच्या युद्धकाळातल्या परिषदेहून परतल्यावर त्याने अमेरिकेच्या संसदेत बसून भाषण केलं, आणि सुरुवातीलाच बसून बोलतोय त्याबद्दल क्षमा मागितली. पायांभोवती सुमारे १० पौंड पोलाद वागवावं लागत नाही तेव्हा बरं पडतं, असं त्याला त्या सभागृहाला समजावून सांगावं लागलं. १२ एप्रिलला तो गेला. दुसऱ्या महायुद्धात देश चालवणाऱ्या माणसाला, मरणाच्या सहा आठवडे आधी, खुर्चीत बसल्याबद्दल माफी मागावी लागते! त्याच्या जिद्दीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनो, ही गोष्ट सांगा ना कधीतरी. बरं, मेल्यावर तरी सुटका? वॉशिंग्टनला त्याचं स्मारक १९९७ मध्ये झालं, त्यात तो अंगभर झगा पांघरून बसलेला, त्यामुळे खुर्ची दिसून येत नाही. अपंगांच्या संघटना भांडल्या, पैसे उभे केले, तेव्हा २००१ मध्ये व्हीलचेअरवरचा पुतळा तिथे बसला. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. मी तर माझ्या आत्याकडे गेल्यावर ‘आत्या, मी खालीच बसते हं, चालेल ना?’ असं विचारत आले आहे इतकी वर्षं. चालेल ना, म्हणून! यापुढे विचारणार नाही.

स्वीकार केला म्हणजे मी हसतमुख झाले, असंही कुणी समजू नका. मला वाईट वाटतं. डाव्या पायावर एकटीने उभं राहून वरच्या फळीवरचा डबा काढता यायचा, तो आता येत नाही, आणि ज्या दिवशी हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी खूप रडले. मला रडायचा हक्क आहे आणि रडून झाल्यावर तो डबा खालच्या फळीवर ठेवायचाही हक्क आहे. स्वीकार म्हणजे माझ्यासाठी हिशेब. आज केस धुवायचे असतील तर आज बाहेरचं काम नाही. बाहेर जायचं असेल तर स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. खांदे जपायचे, कारण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर मी हातांच्या जोरावर जाते. कुबड्यांनी खांदे झिजवून मी चार लोकांना चालून दाखवलं आणि उद्या खांदे गेले, तर मला उचलायला ते चार लोक येणार आहेत का? पैशाच्या बाबतीत अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला तुम्ही शहाणा म्हणता. ताकदीच्या बाबतीत मी तेच केलं की लगेच माझं ‘मन हरलं’.

शिवाय ते हेरगिरी करणारे! ‘काल तर उभी होतीस की.’ हो, होते. व्हीलचेअर वापरणाऱ्या कितीतरी जणांना उभं राहता येतं, चार पावलं चालताही येतं. खुर्ची लागते ती पाचव्या पावलासाठी. दुकानात मी खुर्चीतून उठून काउंटरवरचं काही घेतलं की मागे कुजबुज सुरू होते, आणि एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, ‘चालता येतं तर ही कशाला?’ अनोळखी माणसाला माझ्या पायांचा खुलासा मी का द्यायचा? पूर्ण हलता येत नसेल तर बिच्चारी, थोडं हलता येत असेल तर नाटकी. यांच्या मनातल्या या दोनच खणांत मावण्यासाठी मी माझं शरीर कुठून कापून आणू?

आणि सगळ्यात जास्त राग मला ज्याचा येतो ते हे. शरीराच्या मर्यादांशी मी जुळवून घेतलं ते लोकांना खपत नाही, पण जिन्याशी मात्र मी जुळवून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. मेलेल्या चेतापेशी माझ्या इच्छाशक्तीने उठून बसतील असं त्यांना वाटतं, आणि तीन पायऱ्यांवर उतार बांधणं मात्र अशक्य! ‘जुनी इमारत आहे, काय करणार.’ ‘चार जण उचलून नेऊ की तुला.’ नाही न्यायचं मला उचलून. मी सामान नाही. जगात सुमारे १३० कोटी माणसं, म्हणजे दर सहांतलं एक माणूस, लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्याच्या प्रास्ताविकातच म्हटलंय की माणसाची शारीरिक उणीव आणि भोवतालचे अडथळे, लोकांच्या वृत्तीतले अडथळेसुद्धा, एकमेकांना भिडतात त्यातून अपंगत्व उभं राहतं. मी माझ्याकडची बाजू पत्करली. तुमच्याकडची बाजू कोण पत्करणार?

उतार बांधतात तेही असे, की बघून घाम फुटावा. १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबीचा उतार, हे प्रमाण सर्रास मान्य आहे. प्रत्यक्षात तीन पायऱ्यांवर एक फळी टाकतात, आणि वर म्हणतात, सोय केली आहे. त्या फळीवरून व्हीलचेअर एकटीने चढवून दाखवा मला. ढकलणारा दणकट माणूस असला तरी उतरताना खुर्ची पुढे कलंडते. मग मी नको म्हटलं की ‘हिला कशाचंच कौतुक नाही’.

तेव्हा यापुढे मला धीर देऊ नका. मला धीर आहे. बोलवायचं असेल तर बोलावताना सांगा: पायऱ्या किती, कठडा आहे का, बाथरूमच्या दारातून खुर्ची आत जाते का, बसायला पाठ असलेली खुर्ची मिळेल का. मी नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका, आणि त्या ‘नाही’बद्दल आपसात हळहळूही नका. मी हो म्हटलं तर येईनच. आणि लिफ्ट बंद असेल तर ते मला निघायच्या आधी फोन करून कळवा.