‘इंजेक्शनशिवाय नसा दिसतच नाहीत’: एका फॉरवर्डला उत्तर

बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर, दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, एमआर अँजिओबद्दल, म्हणजे एमआरआयने रक्तवाहिन्या पाहण्याच्या तपासणीबद्दल, एक मेसेज फिरतोय: “एमआर अँजिओत इंजेक्शन दिलं नाही तर रक्तवाहिन्या दिसतच नाहीत. बिनइंजेक्शनची तपासणी म्हणजे साधाच एमआरआय, नाव बदलून जादा पैसे. आणि इंजेक्शन घेतलं की किडनी जाते.”

“दिसतच नाहीत.” मेंदूच्या धमन्यांसाठी तर ‘टाइम ऑफ फ्लाइट’ ही नेहमीची पद्धत आहे, आणि तीत सुई लागतच नाही. ठरवलेल्या जाडीच्या पट्ट्यावर दर 20-25 मिलिसेकंदांनी रेडिओ पल्स मारतात. जागचं न हलणारं ऊतक दोन पल्सांच्या मधे सावरू शकत नाही, म्हणून काळवंडतं. खालून येणाऱ्या ताज्या रक्ताने ते पल्स खाल्लेले नसतात, म्हणून ते चमकतं. वरून उतरणाऱ्या शिरा मधे येऊ नयेत म्हणून पट्ट्याच्या वर सॅच्युरेशन बँड (तिथल्या रक्ताची चमक आधीच मारणारा पट्टा) लावतात. पाचेक मिनिटांचं काम.

“साधाच एमआरआय.” नाही. हा वेगळा सिक्वेन्स (पल्सांचा ठरलेला क्रम) आहे, त्याला वेगळा वेळ लागतो, आणि तो बिघडतोही वेगळ्या तऱ्हेने. पट्टा फार जाड घेतला तर रक्त वर पोचेपर्यंत पल्स खाऊन फिकं पडतं आणि टोकाच्या फांद्या गायब होतात; म्हणून एकमेकांवर थोडे चढलेले तीन-चार पातळ पट्टे घेतात. कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) कवटीच्या तळाशी वळसे घेते, तिथे प्रवाह विस्कटतो आणि सिग्नल पडतो. चित्रात तिथे अरुंदपणा आहे असं वाटतं, प्रत्यक्षात धमनी धडधाकट असू शकते. टीई (पल्स आणि सिग्नल टिपणं यांमधला वेळ) जितका कमी, तितका हा घोटाळा कमी. उलट बाजूने, काही दिवसांपूर्वीच्या रक्तस्रावातलं मेथहिमोग्लोबिन (साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिनचं बदललेलं रूप) मुळातच चमकतं आणि वाहत्या रक्तासारखं दिसतं.

गोल फिरवता येणारं ते देखणं चित्र, एमआयपी, प्रत्येक रेषेवरचा सर्वांत उजळ ठिपका उचलतं. फिक्या कडा त्यात गळतात आणि धमनी आहे त्याहून बारीक दिसते. म्हणून रिपोर्ट एमआयपीवर नव्हे, मूळ पातळ काप पाहून द्यायचा असतो. सीडीत ते काप आहेत ना, एवढं जरूर बघा.

शिरांसाठी फेज कॉन्ट्रास्ट (रक्ताच्या वेगावरून चित्र काढणारी पद्धत) वापरता येतं. त्यात अपेक्षित वेग, व्हेंक, आधी भरावा लागतो. मेंदूच्या शिरांसाठी तो सेकंदाला 15 सेंटिमीटरच्या आसपास. तिथे धमन्यांचा 80 ठेवला तर मंद वाहणारी शीर जवळपास पुसली जाते, आणि गुठळीचा खोटा संशय येतो. पायांच्या धमन्यांसाठी ईसीजीला बांधलेली क्यूआयएसएस ही बिनइंजेक्शनची पद्धत आहे; ठोके अनियमित असतील तर ती फसते.

“किडनी जाते.” इथे सीटीच्या इंजेक्शनमधलं आयोडीन आणि एमआरआयच्या इंजेक्शनमधलं गॅडोलिनियम यांची खिचडी झालीय. गॅडोलिनियमची खरी भीती वेगळी: किडनी आधीच अगदी निकामी असलेल्यांत त्वचा आणि आतले अवयव घट्ट करणारा एनएसएफ हा आजार. हा संबंध 2006 मध्ये पुढे आला, 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने ठळक इशारा दिला. आज वापरात असलेल्या मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणाऱ्या) औषधांत हा धोका अगदी नगण्य आहे. ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) 30 च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर बिनइंजेक्शनचा पर्याय आधी बघावा, हे रास्त. पण उत्तर इंजेक्शननेच मिळणार असेल तर ते निव्वळ भीतीपोटी नाकारू नये.

मेसेजमध्ये एवढं मात्र खरं: महाधमनीच्या कमानीपासून मानेपर्यंतचं सगळं एका श्वासात टिपायचं असेल, किंवा स्टेंटनंतर आतला मार्ग बघायचा असेल, तर इंजेक्शनवालीच उजवी. टाइम ऑफ फ्लाइट कमानीपाशी हालचालीने आणि धातूपाशी सिग्नल पडल्याने लंगडते.

तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआर अँजिओ’ नको. कोणती रक्तवाहिनी, कुठून कुठपर्यंत, आणि शोधायचंय काय, हे लिहून घ्या. सोबत ताजं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि क्लिप, स्टेंट, पेसमेकर यांची कागदपत्रं न्या. सुई लागेल की नाही हे त्यावरून ठरतं.