ब्रायनच्या नावावर चांदी विकू नका

"१८९६ मध्ये अमेरिकेच्या ब्रायनने भाषणात सांगून ठेवलंय, सोन्या-चांदीचं नैसर्गिक प्रमाण १६ ला १ आहे. बँकवाल्यांनी १८७३ ला गुपचूप चांदी बंद केली आणि ब्रायनला संपवलं. भाव परत तिथे येणारच. आजच चांदी घ्या." हा मेसेज आमच्या आत्याकडे पोचला आणि ती मुदत ठेव मोडायला निघाली. म्हणून हे लिहावं लागतंय. (ब्रायन म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता.)

आधी त्या १६ चं, म्हणजे एका भाग सोन्याला १६ भाग चांदी, हे बघू, कारण पैसे तिथेच बुडणार आहेत. अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन (वजनाचं जुनं बारीक माप) शुद्ध चांदी होती, सोन्याच्या डॉलरमागे २३.२२ ग्रेन शुद्ध सोनं. भागाकार करा, जवळपास १६ येतात. १७९२ च्या कायद्यात हेच प्रमाण १५ होतं. १८३४ मध्ये सोन्याचं वजन घटवून ते १६ वर नेलं. ९ जुलै १८९६ ला शिकागोत ब्रायन पक्षाच्या ज्या जाहीरनाम्यासाठी बोलला, त्यातच "सध्याचं कायदेशीर प्रमाण" असे शब्द आहेत. निसर्गाचा त्यात संबंध नाही. बाजारात तेव्हा ३० ला १ चालू होतं. म्हणजे साधारण ५२ सेंटांची चांदी टाकसाळीत द्यायची आणि एक डॉलरचं नाणं घ्यायचं, अशी ती मागणी होती. असं प्रमाण टिकतं ते सरकार त्या दराने दोन्ही धातू देत-घेत असेल तोवरच. तिजोरीतलं सोनं आटलं की खेळ खलास.

आपल्याकडे २६ जून १८९३ ला हेच दिसलं. लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टाकसाळींनी थांबवलं आणि जगभर चांदी आणखी कोसळली. राणीछाप रुपया मात्र तोळ्याचाच राहिला, आत १६५ ग्रेन शुद्ध चांदी. पुढे त्याची किंमत त्या चांदीवर ठरेनाशी झाली. आज १६ ला १ ने चांदी घेणारी टाकसाळ जगात कुठेही नाही.

हो, जानेवारी १९८० मध्ये प्रमाण १७ च्या आसपास आलं होतं. हंट बंधू या अमेरिकेतल्या अब्जाधीश भावांनी साठेबाजी करून चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरपर्यंत चढवला होता. मार्चअखेर तो ११ डॉलरच्या घरात होता.

चांदीचे डॉलर पाडणं थांबवणाऱ्या १८७३ च्या "गुपचूप" कायद्याच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. चांदी घसरणार याची मसुदा करणाऱ्या काही अधिकाऱ्यांना कल्पना होती आणि बऱ्याच खासदारांच्या ते लक्षातच आलं नाही. पण विधेयक १८७० पासून काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, होतं. शिवाय तेव्हा डॉलरमधली चांदी डॉलरपेक्षा किंचित महाग होती, त्यामुळे ती नाणी व्यवहारात दिसतच नव्हती.

ब्रायनला संपवलं? भाषणानंतर दुसऱ्याच दिवशी त्याला उमेदवारी मिळाली. तो तीनदा अध्यक्षपदासाठी लढला, हरला आणि १९१३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाला.

आणि चांदी घेऊन महागाईपासून बचाव करा, असं त्याला सांगायचंच नव्हतं. शेतमालाचे भाव वर्षानुवर्षं पडत होते, कर्ज मात्र तेवढंच राहत होतं. त्याला डॉलर स्वस्त करून भाव चढवायचे होते. त्या भाषणात चांदीत बचत करा असा सल्ला कुठेही नाही.

ठेव मोडण्याआधी एवढा हिशेब करा: चांदी घेताना ३ टक्के जीएसटी, दागिना किंवा भांडं असेल तर वर घडणावळ. विकताना यातलं काहीच परत मिळत नाही, आणि सराफ घट धरतो ती वेगळी.