खालून तिसरे

पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. माझं माझ्या क्लबच्या बाबतीत तसंच झालंय. फारच आग्रह झाला तर उखाणा घेतो:

खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंचा थवा,
आमच्यांचं नाव दिसायला तक्ता उलटा धरावा.

क्लब इंग्लंडचा, फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधला, एवढं सांगितलं तरी पुरे. वीस टीमच्या टेबलात अठरावा. कुणी विचारलंच तर मी "खालून तिसरे" म्हणतो. नेरुळ स्टेशनच्या जिन्यावर कुणाला "खालून" ऐकायला वेळ नसतो, "तिसरे" तेवढं ऐकू जातं, आणि समोरचा "अरे वा" म्हणून लोकल पकडायला पळतो.

सीझन ऑगस्टच्या मध्यात सुरू होऊन मेअखेर संपतो. म्हणजे दहीहंडीच्या सुमारास थर लावायला घ्यायचे आणि आंबे संपेपर्यंत कोसळत राहायचं.

नवा पाठीराखा सगळ्यात आधी घड्याळात फसतो. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. तिथली शनिवारी दुपारी तीनची मॅच सप्टेंबरात आपल्याकडे साडेसातला लागते, नोव्हेंबरात साडेआठला. ऑक्टोबरात हे विसरलात तर एक तास नुसत्या जाहिराती आणि तज्ज्ञांची बडबड नशिबी येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे पुन्हा पुढे सरकतात. मग तुम्ही जुन्या वेळेला चहा घेऊन बसता तेव्हा हाफटाइम संपत आलेला असतो. आमच्या क्लबच्या बाबतीत हा निव्वळ नफा. खरी परीक्षा सोमवारची. तिथे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे मंगळवारचा पहाटेचा दीड. मॅच संपते तीन पंचवीसच्या आसपास, झोप लागते साडेचारला (ऑफसाइड होता की नव्हता, हे छतावर रेषा मारून तपासावं लागतं), आणि नऊला घणसोलीच्या ऑफिसात कार्ड पंच करायचं.

यातला एक अन्याय मला कधी पचला नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. छोट्या क्लबांच्या मैदानावरची गर्दी घरात बसू नये म्हणून साठच्या दशकापासून ही प्रथा चालत आलीय. म्हणजे ज्या गावचा क्लब, त्या गावच्या माणसाला तो हरताना टीव्हीवर दिसत नाही. सात हजार किलोमीटरवर नेरुळ सेक्टर अमुकमधल्या माणसाला मात्र एचडीत दिसतो.

आता तांत्रिक बाब. मॅच इंटरनेटवरून बघत असाल तर चित्र प्रत्यक्षापेक्षा चांगलं अर्धा-पाऊण मिनिट मागे असू शकतं. मैदानातलं चित्र आधी काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, ते सर्व्हरवर चढतं, आणि तुमचा टीव्ही दोन-चार तुकडे पोटात साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. स्कोअरचा मेसेज दोन ओळींचा, तो सरळ येऊन आदळतो. त्यामुळे आपला स्ट्रायकर पेनल्टी घ्यायला बॉल ठेवत असतो आणि खिशातला फोन आधीच सांगून मोकळा झालेला असतो की त्याने ती बारवर मारली. उपाय साधा आहे. स्कोअर अॅपच्या सूचना बंद, फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर पालथा, आणि व्हॉट्सअॅप ग्रुप आठ तासांसाठी म्यूट. तिथे एका आठवड्याचाही पर्याय असतो, तो चार गोल खाल्ले की वापरायचा. "कायमचं" हा पर्याय साधारण डिसेंबरात लागतो. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला मात्र म्यूट करता येत नाही. त्याच्याकडे डिश आहे, तो आपल्या पुढे चालतो, आणि तो दुसऱ्या क्लबचा आहे. छताकडून हर्षाची आरोळी आली की समजावं, आपला कीपर अजून हसतोय तो अज्ञानात.

रात्री दीडला घरात ओरडता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. भिंती अशा की पलीकडचे आजोबा कूस बदलतात ते ऐकू येतं. गोल झाला तर उशीत तोंड खुपसून ओरडायचं. आमच्या घरातली ती उशी अजून नवीकोरी आहे.

खरं काम असतं गणिताचं. वर राहणाऱ्या क्लबचे लोक फुटबॉल बघतात. आमच्यासारखे लोक बेरजा करतात. 38 मॅच, विजयाला तीन गुण, ड्रॉला एक, आणि शेवटचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये. चाळीस गुण झाले की वाचलो, असा जुना ठोकताळा आहे, पण त्याच्यावर घर बांधू नये. 2002-03 मध्ये वेस्ट हॅम 42 गुण मिळवून खाली गेला आणि 2004-05 मध्ये वेस्ट ब्रॉम 34 गुणांवर वाचला. आपल्याला किती लागतील हे आपण ठरवत नाही, अठरावा ठरवतो. आणि अठरावे आपणच असलो की ते सतरावा ठरवतो.

समजा 28 मॅच झाल्या आणि 23 गुण आहेत. आतापर्यंतच्या चालीने उरलेल्या दहांत आठ गुण येणार, म्हणजे 31. वाचायला धरा 37. तेव्हा दहांत चौदा: चार विजय, दोन ड्रॉ, चार पराभव. कागदावर सहज जमतं. मग एक्सेल उघडायची, समोरच्या टीम लिहायच्या आणि विजय कुठले ते ठरवायचं. इथे माणूस घसरतो. फेब्रुवारीत तीन क्लबांसमोर "विजय" लिहिलेलं असतं, मार्चमध्ये ते तिन्ही हरून झाल्यावर तोच शब्द आपण लिव्हरपूलसमोर नेऊन ठेवतो. बेरीज चौदाच राहते. बजेटात तुटीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलतात, तसं.

एक प्रश्न मला दर सीझनला कुणी ना कुणी विचारतं. सोळावा आणि सतरावा एकमेकांशी खेळत असतील तर आपण काय मागायचं? बहुतेक जण ड्रॉ मागतात, दोघांचंही नुकसान होऊ दे म्हणून. चूक. आपल्याला दोघांना गाठायचं नाहीये, एकालाच गाठायचंय. सतराव्याने हरावं. सोळावा सुटला तर सुटू दे बिचारा. त्यामुळे बुधवारी रात्री एक वाजता, ज्यांच्याशी जन्मात संबंध आला नाही अशा क्लबच्या विजयासाठी नेरुळमध्ये एक गृहस्थ देवापुढे हात जोडून बसलेला असतो. स्वतःच्या क्लबच्या 38 मॅच, वर दुसऱ्यांच्या या चाळीसएक.

आणि 0-3 झालं म्हणून टीव्ही बंद करायचा नसतो. गुण सारखे झाले की गोल डिफरन्स बघतात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल; तोही सारखा असेल तर नुसते केलेले गोल. तिसरा गोल खाल्ल्यावर चौथा न खाणं हा स्वतंत्र सामना असतो, आणि तो आम्ही एकदोनदा जिंकलेलाही आहे.

अशा दिवसांत लेस्टरची कथा सांगायची पद्धत आहे. 2014-15 मध्ये लेस्टर 29 मॅचनंतर 19 गुणांवर तळाला होता. उरलेल्या नऊपैकी सात जिंकले, 41 गुणांवर चौदावे आले, आणि पुढच्याच वर्षी चक्क लीग जिंकले. सत्यनारायणातल्या साधुवाण्याची नाव वर आली, तशी. प्रत्येक तळाच्या क्लबच्या घरात ही कथा भक्तिभावाने वाचली जाते. पुढचा अध्याय मात्र कुणी वाचत नाही: 2023 मध्ये तोच लेस्टर खाली गेला. कलावतीसारखा प्रसाद घ्यायचा राहिला असणार. लेस्टरनेही धीर आला नाही तर डर्बी काउंटी आहे. 2007-08 मध्ये 38 मॅचमध्ये एक विजय, एकूण 11 गुण, आणि मार्चमध्येच निकाल. रक्तदाबाच्या गोळीसारखं हे नाव मी जवळ बाळगतो.

हरण्याचीही एक रीत असते. 83 वं मिनिट, आपण 1-0 पुढे. मॅनेजर स्ट्रायकरला बाहेर काढून पाचवा डिफेंडर आत पाठवतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आता पुढे बॉल धरून ठेवणारा माणूसच नाही. सेंटरबॅकने, म्हणजे मधल्या डिफेंडरने, लांब उडवलेला बॉल भिंतीवर मारलेल्या टेनिस बॉलसारखा पाच सेकंदांत परत. प्रत्येक फेरीला बॅकलाइन दोन पावलं मागे सरकते. 87 व्या मिनिटाला आपले अकराच्या अकरा जण पेनल्टी बॉक्सात, सकाळच्या लोकलच्या दारात कोंबल्यासारखे, आणि बॉक्सच्या बाहेर समोरच्यांचा मिडफिल्डर एकटा, पहाटे पाम बीच रोडला चालायला आलेल्या माणसाइतका निवांत. त्याचा शॉट आपल्याच कुणाच्या तरी पोटरीला लागून बाहेर, म्हणजे कॉर्नर: कोपऱ्यातून त्यांची किक. आमच्याकडे झोनल मार्किंग असतं, म्हणजे माणूस धरायचा नाही, जागा राखायची. जागा सगळे चोख राखतात. बॉल नेमका दोन जागांच्या मधल्या फटीत येतो, आणि तो कुणाचा यावर सोसायटीतल्या गळक्या पाइपासारखा घोळ होतो: वरच्या मजल्याचा की खालच्या? सेक्रेटरी, म्हणजे कीपर, दोन पावलं पुढे येतो आणि कुणाचीच बाजू न घेता परत जातो. जवळच्या पोस्टला डोक्याचा हलका स्पर्श, मागच्या पोस्टला एक जण मोकळा. 1-1.

इथे थांबलं तर आमचा क्लब कसला? पूर्वी अशा वेळी कीपर बॉलवर झोपून वेळ काढायचा. 2023-24 पासून वाया गेलेला वेळ नीट मोजून देतात, त्यामुळे आपण खाल्लेली मिनिटं शेवटी आपल्याच ताटात येतात. 2025 पासून तर कीपरने आठ सेकंदांहून जास्त बॉल धरला की शिक्षा म्हणून कॉर्नर. कॉर्नर! आमच्याविरुद्ध! त्यापेक्षा थेट गोलच द्या, मंडळींना घरी जायला बरं.

मॅनेजरबद्दल फार बोलत नाही. मालकांनी "आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे" असं पत्रक काढलं की पंधरा दिवस धरून चालावं. नवा येतो, पहिल्या तीनपैकी दोन मॅच जिंकतो आणि आपण पुन्हा एक्सेल उघडतो. खरी गोम अशी की माणसाला काढतात ते सगळ्यात वाईट काळात, त्यानंतर कुणीही आला असता तरी थोडं बरंच झालं असतं. तळ गाठलेली विहीर पहिल्या पावसात भरते, श्रेय नव्या पंपाला.

जानेवारीतली खेळाडू खरेदी म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री मखर आणायला जाणं. चांगलं असतं ते गेलेलं, उरलेल्याची किंमत दुप्पट, आणि घरी आणल्यावर कळतं की एक खांब लंगडा आहे. त्याच्या नावाची जर्सी तेवढी घाईने छापून घेऊ नका, पुढच्या ऑगस्टात तो तुर्कस्तानात असेल. नाव न छापलेलीच घ्या. उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका. आकडे उकलतात ते इस्त्रीनेच. जिंकलेल्या दिवशीची जर्सी धुवायची नाही असं मानणारे काही जण आहेत. आमच्याकडे त्यामुळे पाण्याचा खर्च वाढत नाही की कमी होत नाही, ती वेळच येत नाही.

मित्र म्हणतात, एवढा लांबचा कशाला, जवळचा क्लब धर की. जवळचं मैदान, डी. वाय. पाटील, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. 2014 मध्ये मुंबई सिटीने तिथे पहिली घरची मॅच पुण्याविरुद्ध 5-0 जिंकली होती. आंद्रे मॉरिट्झची हॅटट्रिक, आयएसएल या आपल्या भारतीय लीगमधली पहिलीच. मला वाटलं, भाग्य उजळलं. सीझनअखेर आठ टीममध्ये सातवे. पुढे क्लब अंधेरीला गेला, तिथे मात्र लीगही जिंकला. मी बरोबर नव्हतो म्हणूनच, असं घरचे म्हणतात. 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या निमित्ताने नेमारची सौदी टीम अल हिलाल याच डी. वाय. पाटीलवर येणार ठरलं, म्हणजे साक्षात नेमार नेरुळला. 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. 6 नोव्हेंबरला अल हिलाल आली, नेमार आला नाही, आपण 0-2 हरलो. त्या गटातल्या सहाच्या सहा मॅच मुंबई सिटी हरली. तेव्हा अंतराचा मुद्दा कृपया काढू नये.

आता मे लागलाय. तीन मॅच उरल्यात आणि एक्सेलमध्ये तिन्हींसमोर "विजय" लिहिलंय. बायको कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते, त्याच्याच खाली माझ्या जागरणाच्या रात्री फुल्या मारून ठेवते. काल फुल्या मोजत म्हणाली, "अरे, खाली गेले तर बरंच ना? पुढच्या वर्षी तरी रात्रीची झोप मिळेल."

खालच्या लीगमध्ये चोवीस टीम असतात, मॅच 38 च्या जागी 46, आणि त्यातल्या बऱ्याच मंगळवारी-बुधवारी रात्री पावणेआठला. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचा सव्वा. हे तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर जरा मोठ्या चौकोनांचं आणावं लागेल.