मागच्या चाकांना वारस पाहिजे

२०२४ साली इंग्लंडमधल्या कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यात जग्वार एक्सएफ ही मागच्या चाकांवर धावणारी सेडान बनायची थांबली. जगात फार थोड्यांना याचं दुःख झालं. त्या थोड्यांत तुम्ही आहात, आणि तुमची एमएच १९ पासिंगची एक्सएफ जळगावात पोर्चमध्ये उभी आहे, म्हणून तिचा वारस शोधायचा हा सल्ला. फुकट आहे. चहा उधार राहिला.

सुरुवात एका पथ्यानं करा: गाडी का बदलायची, याचा विचार करू नका. विचार केलात तर जुनी अजून चांगली चालते हे ध्यानात येईल आणि शोरूमला जायची मजाच जाईल.

आपली गाडी मागच्या चाकांवर चालते, हे तुम्ही लग्नात, सराफ्यात आणि केळीच्या सौद्यात गेली कित्येक वर्षं सांगत आला आहात. लोकांनी माना डोलावल्या. म्हणजे काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "भाऊ, कितला एवरेज देस?" तरी शोरूममधल्या पोरानं विचारलंच, तर उत्तर तयार असू द्या. पुढची चाकं वळायचं काम करतात, ढकलायचं काम मागची. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, ढकलणाऱ्या चाकांवर दाब वाढतो, पकड मिळते. इंजिन आडवं न बसता लांबीत बसतं, म्हणून पुढच्या चाकांना वळायला जागा राहते आणि सराफ बाजारात गाडी त्यातल्या त्यात लवकर वळते. यातला शेवटचा फायदा तुम्ही रोज घेता आणि कधीच सांगत नाही. पहिले दोन अनुभवायला अजिंठ्याचा घाट रिकामा मिळावा लागतो. तिथे तुमच्यापुढे कापसाच्या गाठींचा ट्रक असतो.

आणि हो, मागच्या चाकांचा अभिमान सांगताना रस्त्याकडे बघू नका. रावेर-यावलकडून केळी लादून येणारी बोलेरो पिकअप मागच्याच चाकांवर धावते. इको, इनोव्हा क्रिस्टा, टू-व्हील ड्राइव्ह फॉर्च्युनर, झाडून सगळ्या रिक्षा, सगळ्या मागच्या चाकांच्या. कारण तेच, भार मागे असतो. फरक इतकाच की पिकअपच्या मागच्या चाकांवर दीड टन केळी असतात आणि तुमच्या डिकीत एक छत्री. खानदेशात मागच्या चाकांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती चामड्याच्या सीटसकट मिळणाऱ्या मागच्या चाकांची. पूर्वी ती कॉन्टेसाने भागवली, ती गेली. खादीवाल्यांची अ‍ॅम्बेसेडर २०१४ ला थांबली. दोन्ही मागच्या चाकांच्या, आणि दोन्हींना गावातला मिस्त्री पाना लावू शकत होता.

आता बाजारात शिरू. इथं लोक बिल्ला बघून फसतात, तुम्हीही मनमोकळेपणाने फसा. मर्सिडीजचा तारा दिसला म्हणून ए-क्लास लिमोझिन पसंत करा. ती पुढच्या चाकांची आहे. बीएमडब्ल्यूच्या निळ्या-पांढऱ्या चकतीवर भाळून टू सीरिज ग्रान कूपे घ्या, तीही पुढचीच. ऑडीच्या अलीकडच्या ए४ आणि ए६ आपल्याकडे आल्या त्या पुढच्या चाकांवर. लेक्सस ईएस, कॅमरी, सुपर्ब, सगळ्या पुढच्या. गाड्या वाईट नाहीत, काही तर तुमच्या जग्वारपेक्षा कमी त्रास देतील. पण लग्नात सांगायचं काय?

मागच्या चाकांची नवी सेडान म्हटली की घरं उरतात दोन. मर्सिडीजची सी-क्लास आणि ई-क्लास, बीएमडब्ल्यूची लांब थ्री सीरिज आणि लांब फाइव्ह सीरिज. यातही महागडं मॉडेल बोट ठेवून मागाल तर गंमत होते. ई-क्लासमधली ई ४५० घेतलीत तर ती चारही चाकांवर येते, थ्री सीरिजमधली एम ३४० आय सुद्धा. म्हणजे जास्त पैसे मोजून जे टाळायचं होतं तेच घरी आणायचं. मागची चाकं हवी असतील तर खालचं मॉडेल घ्यावं लागतं. हे घरी सांगू नका.

'लांब' हा शब्द नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून आहे. तुमच्या एक्सएफचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,९६० मिलीमीटर. नव्या ई-क्लासचा ३,०९४, फाइव्ह सीरिजचा ३,१०५. भारतात मालक मागे बसतो, म्हणून कंपनीने पाय पसरायला जागा दिली. जळगावात मालक पुढे बसून स्वतः चालवतो, मागे बसतात पाहुणे, आणि गतिरोधक सगळ्यांना सारखाच येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावचा गतिरोधक गावच्या हिशेबाने असतो. वीतभर उंच, दोन-तीन फूट रुंद, आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी उरल्यासुरल्या डांबरात केलेला. रुंद उंचवट्यावर लांब गाडी नडते. पुढची चाकं पलीकडच्या उतारावर असतात, मागची अजून अलीकडच्या चढावर आणि पोट माथ्यावर टेकतं. अरुंद उंचवट्यावर लांबीचा संबंध नाही, पोटाखाली वीतभर जागा आहे की नाही एवढंच बघायचं. ती नाही. म्हणून गाडी तिरकी घ्यायची, एका वेळी एकच चाक चढवायचं. तिरकी घेताना डाव्या अंगाने मोटारसायकल घुसते, तिलाही जागा द्यायची. हे सगळं करून झालं की मागून हॉर्न वाजतो, तो पिकअपवाल्याचा.

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह मात्र नाशिकच्या हायवेवरच घ्या. डिकीत माणसाच्या वजनाएवढं सामान, मागे तिघे, आणि मग गतिरोधक, अशी चाचणी कुणी मागत नाही. मागितलीत तर निर्णय तिथेच होईल, आणि मग तुम्ही उंच गाडी घेऊन याल. सरकारनेही उंची पट्टीने मोजली होती. रिकाम्या गाडीच्या पोटाखाली १७० मिलीमीटर असले तर मोठी गाडी एसयूव्ही धरून जीएसटीच्या वर २२ टक्के सेस, नाहीतर मोठ्या सेडानला २०. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला, दोघींना सरसकट ४० टक्के जीएसटी. सेडान घेण्याचं एवढं एक शहाणं कारण होतं, तेही संपलं.

आता टायर. शोरूममधल्या सगळ्यात मोठ्या चाकांचा हट्ट धरा. चाक मोठं म्हणजे रबराची बाजू बारीक. खड्ड्याच्या धारेवर ती रिमात चेमटते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या कुशीवर आवळ्याएवढा फुगा दिसतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायरच बदलायचा. काही मॉडेलना मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात. ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत, आणि ढकलायचं काम मागच्यांकडे असल्याने झिजतातही तेच आधी. रन-फ्लॅट असतील तर स्टेपनी नसते. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालवायचे. जळगावहून धुळं ९० किलोमीटर. उरलेल्या १० किलोमीटरसाठी कुलदैवत आहे.

गाडी रस्त्यात बंद पडली तर कंपनीचं वर्कशॉप संभाजीनगरला, दीडशेच्या वर किलोमीटर, नाहीतर नाशिकला, त्याहून लांब. पण घाबरू नका, चौकात क्रेनवाला उभाच आहे. तो पुढची चाकं उचलेल आणि मागची रस्त्यावर घासत नेईल, कारण काल अल्टो त्याने तशीच नेली. अल्टोला ते चालतं, तिची मागची चाकं नुसती फिरतात. तुमच्या गाडीत मागची चाकं गिअरबॉक्सला जोडलेली आहेत, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरताहेत, तेल जागेवर. संभाजीनगर येईपर्यंत गिअरबॉक्स आतून भाजलेला असतो. म्हणून फ्लॅटबेड, चारही चाकं वर. तो येईपर्यंत क्रेनवाल्याला चहा पाजत राहा, पण हुकाला हात लावू देऊ नका.

डिझेल घ्यायचं ठरलं असेल तर उत्तम, कारण तुमचं घर ते दुकान चार किलोमीटर आहे आणि डिझेलचा काजळीचा फिल्टर नेमका अशा फेऱ्यांत तुंबतो. ती काजळी जाळायला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेग लागतो. तो मिळाला नाही की जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. तेल वाढलं म्हणून खूश होणारे मालक आहेत. शिवाय नव्या डिझेल गाड्यांना धूर साफ करणारं अ‍ॅडब्लू वेगळ्या टाकीत घालावं लागतं, हायवेच्या पंपावर ट्रकवाले बादलीने नेतात तेच डीईएफ. ते संपलं की गाडी आधी बजावते आणि मग सुरूच होत नाही. एकदम चार बादल्या घेऊन गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवा. ३५ अंशांत ते जेमतेम सहा महिने टिकतं. भुसावळचा मे महिना ३५ वर थांबत नाही.

एक मार्ग शहाणपणाचा आहे, म्हणून तो घाईघाईत सांगतो: नवी न घेता तुमचीच जुनी सांभाळा, किंवा तिच्याच वयाची दुसरी बघा. तिच्या आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सचं तेल 'लाइफटाइम' आहे असं सांगतात. लाइफटाइम कुणाचा, ते सांगत नाहीत. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. फिल्टर तळाच्या प्लॅस्टिकच्या चेंबरमध्ये, म्हणजे तेलाच्या भांड्यातच असतो, म्हणून चेंबर अख्खा बदलतात. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांत असताना. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी तेल न तापवताच ४५ ला असतं, गाडी लिफ्टवर चढेस्तोवर संधी गेली. सकाळी सात वाजता न्या. गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला रबराची चकती असते, वय झालं की ती तडकते. गिअर टाकताना खालून 'ठक' आलं तर तिच्याकडे बघा. तोवर मागच्या चाकांमधलं अख्खं डिफरन्शिअल उतरवू देऊ नका. दुसऱ्याची गाडी बघायला गेलात तर टायरच्या कुशीवरचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटरवर २० हजार किलोमीटर आणि टायर मात्र दुसरे, असं दिसलं तर आकडेमोड घरी येऊन करा, तिथे फक्त चहा प्या.

विजेची गाडी हा विषय काढू नका. काढलात तर कुणीतरी सांगेल की मागच्या चाकांची परंपरा सध्या तिथेच चालू आहे. बीवायडी सीलची खालची मॉडेलं मागच्या चाकांची, आणि सेडानच आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई आणि बीई ६ यांचीही मोटर मागे. जीएसटी ५ टक्के. वर मधला बोगदाही नाही. बोगदा म्हणजे मागच्या सीटसमोर फरशीतून जाणारा तो उंचवटा, ज्याच्याखालून शाफ्ट जातो आणि ज्यावर पाय फाकवून मधला माणूस बसतो. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, घरी चार जणांना आणायचं असतं तेव्हा मध्ये कोण बसणार यावरून नेहमी शालकाचा बळी जातो. जावयाला खिडकी, मेहुणीला खिडकी, शालकाला बोगदा.

एवढं करून गाडी घरी आली की तिला घेऊन शेतात जाऊ नका. पण पूजा झाल्यावर शेत दाखवायची रीत आहे, म्हणून जालच. आदल्या रात्री पाऊस झालेला असेल. काळ्या मातीत टायरच्या खाचा दहा फुटांत भरतात आणि टायर लिंपलेल्या मडक्यासारखा गुळगुळीत होतो. इंजिन पुढे, भार पुढे, ढकलणारी चाकं मागे आणि डिकीत तीच एक छत्री. रेस वाढवलीत की चाक जागेवर खोदत खाली जातं, म्हणून वाढवू नका. डिकीतल्या टूलकिटमधला ओढायचा हुक काढा. बंपरवरचं छोटं झाकण उघडून तो आत पिळायचा असतो. पिळला जात नसेल तर उलटा फिरवून बघा, काही गाड्यांत आटे उलटे असतात. आणि पूर्ण पिळा, अर्धवट पिळलेला हुक बंपरसकट येतो.

मग हात करा. केळी उतरवून परत निघालेली पिकअप थांबेल. पैसे विचारू नका, तो घेणार नाही. तो ओढायला लागला की त्याच्या मागच्या चाकांनी उडवलेला चिखल तुमच्या पुढच्या काचेवर येईल. वायपर लगेच लावू नका. त्यात वाळू असते, काचेला चरे पडतात. आधी बाटलीने पाणी मारा.